जरबेराच्या बेडसाठी डॅझोमेट: वापरानंतरचे मत

मावळातील आमच्या पॉलिहाउसमध्ये जरबेरा या फुलाचे जुने पीक काढल्यावर माती निर्जंतुक करण्यासाठी आम्ही आता फॉर्मेलिनऐवजी डॅझोमेट हे दाणेदार औषध वापरतो. मूळकूज आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) या दोन्हींवर त्याचा परिणाम मला अधिक खात्रीचा वाटला. खर्च मात्र फॉर्मेलिनपेक्षा जास्त येतो.

हे दाणे स्वतः वायू नसतात. ओल्या मातीत त्यांचे विघटन होऊन मिथाइल आयसोथायोसायनेट हा विषारी वायू तयार होतो आणि तोच बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी मारतो. म्हणून यश ओलाव्यावर ठरते. बेड आठवडाभर आधी भिजवून वाफशाला (ओल आहे पण चिखल नाही अशा स्थितीत) आणावेत, म्हणजे तणांचे बी फुगते व लवकर मरते. त्यानंतर चौरस मीटरला ३० ते ५० ग्रॅम, लेबलवर दिले असेल त्याप्रमाणे, दाणे सारखे पसरून २० सेंटिमीटरपर्यंत रोटाव्हेटरने मिसळावेत आणि लगेच हलके पाणी देऊन न फाटलेला प्लास्टिक कागद अंथरावा व त्याच्या कडा मातीत दाबाव्यात. शेणखत आधीच मिसळावे. नंतर घातल्यास त्यातून रोग पुन्हा आत येतो. शेजारच्या बेडवर पीक उभे असेल, तर हे औषध वापरूच नये, कारण वायूने तेही जळते.

कागद काढल्यावर माती पुन्हा मोकळी करून हवा खेळू द्यावी. रोपे कधी लावायची हे दिवस मोजून ठरवू नये. प्रक्रिया केलेली माती बरणीत घेऊन तिच्यावर ओल्या कापसात हळीव ठेवावे व झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या बरणीत प्रक्रिया न केलेली माती घेऊन तसेच करावे. दोन्हींतील हळीव सारखेच उगवले, म्हणजे मातीत वायू उरला नाही, तरच लागवड करावी. ट्रायकोडर्मा ही रोगांशी लढणारी मित्रबुरशीही त्यानंतरच द्यावी, कारण हा वायू तिलाही सोडत नाही.

माझी खरी तक्रार विक्रीबद्दल आहे. आम्हाला एका विक्रेत्याने हे औषध पुडीत बांधून, लेबलाशिवाय देऊ केले. डोळे व श्वसनमार्ग जाळणाऱ्या वायूचे औषध असे सुटे विकणे मजुरांच्या जिवाशी खेळणे आहे. सीलबंद डबा, रबरी हातमोजे, बंद चष्मा आणि लेबलवर सांगितलेला श्वसन-मास्क यांची सोय नसेल, तर खरेदी करू नये. ज्यांना एप्रिल-मे महिन्यांत शेत मोकळे ठेवता येते, त्यांनी आधी ४ ते ६ आठवडे पारदर्शक कागदाखाली माती तापवून पाहावी.