काठमांडूला फ्राइज न्यायच्या : मेहसाण्याहून ट्रकने की बेल्जियमहून कंटेनरने?

हडपसरला फ्रोझन मालाची एजन्सी असलेल्या माझ्या एका मित्रापुढे सध्या दोन कोटेशनं आहेत. त्याच्याकडे बरीच वर्षं काम केलेला एक जण काठमांडूला परतलाय. तिथल्या हॉटेलांना फ्राइज, वेजेस, टिक्की पुरवायचा धंदा दोघं मिळून करणार आहेत. एक कोटेशन गुजरातेतल्या मेहसाण्याचं, दुसरं बेल्जियमचं. मित्र किलोचे दोन भाव शेजारी मांडून हिशेब करत होता. मी पुण्यात हाच माल वाटतो, आणि माझं ठाम मत आहे की या निर्णयात किलोचा भाव सगळ्यात शेवटी बघायचा. नेपाळला समुद्र नाही. माल कुठूनही घ्या, भारतातून जाऊन बहुधा बिहारच्या सीमेवरचं रक्सौल ओलांडून पलीकडच्या बीरगंजलाच तो आत शिरणार, आणि उणे १८ अंशांवरच शिरायला हवा. तोपर्यंत तो किती जणांच्या हातून जातो, हे आधी मोजा.

मालाच्या दर्जाचं आधी उरकतो. भारतीय फ्राइज दुय्यम, हा समज आता जुना झाला. २००० च्या दशकात आपण फ्राइज आयात करत होतो. २०२३-२४ मध्ये आपण सुमारे १ लाख ३५ हजार टन निर्यात केल्या. मार्केट यार्डातला पुखराज किंवा ज्योती जातीचा बटाटा तळला की मऊ पडतो, कारण त्यात पाणी जास्त. सातगाव पठारावरचा बटाटा वेफर्सच्या कारखान्यांना जातो, पण वेफर्सला गोल बटाटा चालतो. फ्राइजला लांबट, २० टक्क्यांच्या आसपास घनभाग (पाणी सोडून उरणारा भाग) असलेला आणि कमी साखरेचा बटाटा हवा. गुजरातेत आता सँटाना, इनोव्हेटर यांसारख्या जाती त्यासाठीच लावतात. बेल्जियमच्या मालाची काडी तरीही सरासरी लांब आणि रंगाला जास्त एकसारखी मिळते, हे मान्य करायला हवं. पंचतारांकित हॉटेलचा शेफ तेच मागेल. मोमोच्या दुकानाला किंवा बर्गरवाल्याला त्या फरकासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

हंगामाचा फरक मात्र लक्षात ठेवा. गुजरातेत बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पुढे वर्षभर कारखाने साठवलेल्या बटाट्यावर चालतात. साठा जुना होत गेला की साखर वाढते आणि तळल्यावर काडी काळपट पडते. गुजरातचा माल दिवाळीनंतर आणि युरोपचा पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्त काळजीने तपासावा.

आता वाट. मेहसाण्याच्या कारखान्यात रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला, ट्रक भरला, दार सील झालं, की ते रक्सौलपर्यंत उघडायचं कारण नाही. भन्सार, म्हणजे नेपाळची कस्टम्स, भरून भारतीय ट्रक पुढे आत जाऊ शकतो. काही बिनसलं तर फोनवर बोलायला ड्रायव्हर आहे, ट्रकमालक आहे, आणि भाषा हिंदी. युरोपचा कंटेनर बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून निघतो, मध्ये कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलतो, कोलकात्याला किंवा विशाखापट्टणमला उतरतो. तिथे ट्रान्झिटचे, म्हणजे भारतातून नेपाळला पुढे नेण्याचे, कागद होईपर्यंत तो बंदरात विजेच्या प्लगवर उभा, आणि त्या विजेचं भाडं तुमच्या खात्यावर. कोलकात्याहून बीरगंज आणखी सुमारे सातशे किलोमीटर. रिकामा कंटेनर मुदतीत शिपिंग लाइनला परत द्यायचा, नाहीतर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, लागतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दहा-पंधरा दिवस वाढले. माल दीड-दोन वर्षं टिकतो, त्यामुळे उशिराने तो खराब होत नाही. पण एका कंटेनरमध्ये सुमारे २५ टन माल असतो आणि त्याचे पैसे तेवढे महिने अडकून पडतात. नव्या धंद्याला ते झेपणं कठीण.

ट्रकची वाट निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. एका एप्रिलमध्ये आमच्याकडे आलेल्या गाडीचं थंडीचं मशीन ड्रायव्हरने डिझेल वाचवायला रात्रभर बंद ठेवलं होतं. दार उघडल्यावर हवा गारच लागली, कारण पहाटे मशीन पुन्हा चालू केलं होतं. पण पाकीट हलवलं तर आवाज आला नाही. चांगल्या फ्राइज पाकिटात खडखडतात. वितळून पुन्हा गोठलेल्यांचा गोळा होतो, आत बर्फाचे कण दिसतात, कढईत टाकल्या की तेल उडतं. पुण्यात होतो म्हणून मी तो माल परत पाठवला आणि भोसरीच्या कोल्ड स्टोरेजमधून दुसरा उचलला. काठमांडूत असा दुसरा माल जवळ नसतो. म्हणून कार्टनांच्या मधोमध डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदत राहणारं यंत्र, ठेवायचा, आणि तापमान उणे १५ च्या वर गेलं तर माल नाकारायचा, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं.

पैशाच्या बाजूने तर मला तुलनाच वाटत नाही. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. मेहसाण्याचं बिल रुपयांत आलं की दराची धास्ती उरत नाही. युरोपसाठी काठमांडूच्या बँकेतून युरो किंवा डॉलरची एलसी, म्हणजे पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र, उघडावी लागेल. २०२२ मध्ये परकीय चलन आटलं तेव्हा नेपाळने काही वस्तूंची आयात कित्येक महिने थांबवली, आणि त्या यादीत पाकीटबंद चिप्ससारखा खाऊही होता. शुल्काचा दर मात्र दोन्ही मालांसाठी तिथल्या एजंटकडून लेखी घ्या. अर्धवट तळून गोठवलेला बटाटा कस्टम्सच्या वर्गवारीत २००४ क्रमांकाच्या शीर्षकात येतो, कच्चा किंवा नुसता उकडून गोठवलेला ०७१० मध्ये. कागदावर चुकीचं शीर्षक पडलं तर गाडी सीमेवर उभी राहते आणि मशीन डिझेल खात राहतं.

एक धोका दोन्ही वाटांना सारखाच आहे. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ सीमेवर नाकेबंदी होती आणि बीरगंजची वाट जवळपास बंद होती. स्वयंपाकाचा गॅस मिळेना, मग फ्राइज तळणार कोण? शिवाय पावसाळ्यात काठमांडूच्या रस्त्यावर मुग्लिंगच्या बाजूला दरडी कोसळतात, आणि दशैंचा सण व पर्यटकांचा हंगाम त्याला लागूनच येतात. म्हणजे सगळ्यात मोठी विक्री सुरू व्हायच्या आधीचे महिने रस्त्याचे सगळ्यात वाईट. युरोपचा माल न घेतल्याने वाचलेला पैसा मी काठमांडूतल्या साठवणुकीत घालीन. दीड महिन्याचा माल मावेल एवढी खोली, जनरेटरसह. आणि थोडा माल सुनौलीच्या, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या सीमानाक्याच्या, पलीकडे भैरहवात, म्हणजे पोखरा आणि लुंबिनीची हॉटेलं बीरगंजवर अवलंबून राहणार नाहीत.

मित्राला मी सुचवलंय ते असं: पहिली गाडी मेहसाण्याची, मेअखेर निघेल अशी, दहा किलोच्या कार्टनांत, ९ मिलिमीटरच्या साध्या काड्या जास्त आणि टिक्की थोडी. युरोपचा माल मागणारी हॉटेलं भागीदाराने तोवर नुसती मोजून ठेवावीत. अशी मागणी कंटेनरभर झाली, तर कोलकात्यातला क्लिअरिंग एजंट मी स्वतः सोबत जाऊन दाखवीन.