चौथी आणि सातवीच्या भावंडांना एकत्र इतिहास: बालभारतीच्या जोडीचा वर्षभराचा अनुभव

होमस्कूलिंगसाठी इतिहासाचा तयार अभ्यासक्रम शोधायला गेलं की आधी अमेरिकी संच समोर येतात. प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत चार वर्षांचं चक्र आणि घरातली सगळी मुलं एका वेळी एकाच काळात, ही त्यांची मूळ कल्पना चांगली आहे. पण मराठ्यांचा इतिहास त्यात अगदी थोडक्यात आटोपतो. हीच कल्पना बालभारतीच्या पुस्तकांवर बसवता येते, कारण चौथीचं ‘शिवछत्रपती’ (परिसर अभ्यास भाग दोन) आणि सातवीचं इतिहासाचं पुस्तक बव्हंशी एकाच काळावर आहेत. नऊ आणि बारा वर्षांच्या भावंडांना जून ते मार्च हीच जोडी दिली.

मुख्य अडचण वेगाची. अफजलखान, पन्हाळ्याची सुटका, शायिस्ताखान, पुरंदर, आग्रा यांना चौथीत ऐसपैस स्वतंत्र पाठ आहेत. सातवीत शायिस्ताखानापासून दक्षिणेच्या मोहिमेपर्यंतचं सगळं ‘मुघलांशी संघर्ष’ या एकाच पाठात बसवलंय. धाकट्याला जे महिनाभर पुरतं ते थोरलीचं एका बैठकीत वाचून होतं आणि मग ती जांभया देते. म्हणून पाठाला पाठ जुळवायच्या भानगडीत पडू नका. घटना धरा. चौथीचा उतारा दोघांना मोठ्याने वाचून दाखवायचा, पंधरा मिनिटं पुरे. नंतर थोरलीने आपल्या पुस्तकातला तोच भाग वाचायचा, तोवर धाकट्याने नकाशा भरायचा. प्रश्न विचारताना पहिलं उत्तर धाकट्याचं, ‘का’चं उत्तर थोरलीचं. हा क्रम मोडला की थोरली सगळं सांगून टाकते आणि धाकटा गप्प बसतो.

एकच विषय दोन वयांत कसा चालतो ते पुरंदरच्या तहात छान दिसतं. जून १६६५ मध्ये महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होनांचा (होन म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) मुलूख दिला. स्वतःकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. धाकट्याने ३५ राजमे मांडायचे, त्यातले २३ उचलायचे. उरलेला ढीग बघून तह किती जड गेला ते न सांगता कळतं. थोरलीने हिशेब करायचा: किल्ले गेले साधारण दोन तृतीयांश, उत्पन्न मात्र चार पंचमांश. मग तिला विचारायचं, कमी उत्पन्नाचे हे १२ गडच का ठेवले असतील? नकाशा उघडल्याशिवाय उत्तर देता येत नाही, म्हणून हा प्रश्न चांगला.

कालपट्टी भिंतीवर हवीच, पण प्रमाण आधी ठरवा. १६०० ते १८२० साठी वर्षाला एक सेंटिमीटर धरलं तर पट्टी सव्वादोन मीटरच्या आत बसते. मात्र १६५९ ते १६७४ या पंधरा सेंटिमीटरांत चिठ्ठ्यांची खिचडी होते. दोन सेंटिमीटर धरा, ४.४ मीटर लागतील. पट्टी कोपऱ्यावरून वळली तरी बिघडत नाही. चिठ्ठ्यांना सत्तेप्रमाणे रंग द्या: आदिलशाही पिवळी, मुघल निळे, सिद्दी राखाडी. अफजलखान आणि शायिस्ताखान दोघंही ‘बादशहाचे सरदार’ हा घोळ चौथीच्या वयात हमखास होतो. रंग दिल्यावर तो आपोआप सुटतो.

तारखांचं कोडं थोरल्यांसाठी राखून ठेवा. राज्याभिषेक झाला शालिवाहन शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. ७८ मिळवले की १६७४. महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि सरकारी तारीख आहे १९ फेब्रुवारी १६३०. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हे एकदा स्वतः करून पाहिलं की तारखेनुसार आणि तिथीनुसार दोन शिवजयंत्या का, हेही कळतं.

सातवीच्या पुस्तकाबद्दल तक्रार एकच, पण मोठी. दिल्लीची सुलतानशाही आणि मुघल फार घाईत उरकलेत. औरंगजेब दक्षिणेत उतरतो तेव्हा त्याच्यामागे केवढं साम्राज्य उभं आहे याचा मुलांना अंदाजच येत नाही. इथे बाहेरचं वाचन लागतंच. थोरलीच्या मोकळ्या दिवसांत इतिहासाच्या मूळ साधनांचं कामही होतं: सभासदाची बखर महाराजांच्या पश्चात जिंजीला लिहिली गेली आणि इंग्रजांचा वकील (म्हणजे दूत) हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर हजर होता. दोघांपैकी कोणावर कशासाठी विश्वास ठेवायचा, यावर तासभर वाद होतो.

दिवाळीनंतर उलटा पेच येतो. चौथीचं पुस्तक महाराजांच्या काळापाशी संपतं, सातवीचं पुढे ताराबाई, बाजीराव, पानिपत असं अठराव्या शतकात जातं. धाकट्याला तिथून पुढे तोंडी गोष्टी आणि किल्ले. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात आलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजारामांचा पाठ चालू असताना नकाशावर तो शोधायला लावा, अंतर बघून दोघंही चकित होतात.

पुस्तकं घेताना सांभाळा. पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. नकाशांची पानंच तेवढी रंगीत छापा. जुनी पुस्तकं विकत घेत असाल तर २०२३-२४ पासून सगळे विषय एकत्र करून चार भागांत निघालेल्या आवृत्त्या टाळा, इतिहास चार ठिकाणी विखुरतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलताहेत, त्यामुळे हव्या त्या पीडीएफ आत्ताच उतरवून ठेवा.

पुढच्या वर्षी ही जोडी तुटते: पाचवीत अश्मयुग, आठवीत इंग्रजी अंमल. पाचवीचं पुस्तक वर्षभर पुढे ढकलणं सोपं, कारण हडप्पा सहावीत पुन्हा येतेच. आठवीतलं १८५७, मिठाचा सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्र दहा वर्षांच्या मुलाला सहज झेपतं. प्रशासकीय कायद्यांची पानं थोरलीने एकटीने वाचावीत. नववी-दहावीच्या पुस्तकांची मात्र लहान भावंडाशी जोडी जमत नाही. दहावीत तर भर इतिहासलेखनावर आहे. शिवाय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी द्यायची असेल तर तिथे इतिहास सामाजिक शास्त्राच्या (विषय क्रमांक २१३) पेपरातच येतो. तेव्हा वयाच्या चौदाव्या वर्षापासून थोरलीचा अभ्यास वेगळा करून टाकलेला बरा.