आठ हजारांची डायल, अडीच हजारांचे इंजिन: नाना पेठेतील मीटर-दुरुस्तीच्या एका दुकानाविषयी

जुन्या मालवाहू गाडीला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरते हे दाखवणारे मीटर, बसवायचे ठरवले, की बाजारात सहज मिळते ते पेट्रोल मोटारीसाठी बनवलेले, शून्य ते आठ हजारांच्या डायलचे मीटर. माझ्या सहाचाकी टिपरचे इंजिन सहा सिलिंडरचे, ५.७ लिटरचे टर्बो डिझेल आहे. ते स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, मिनिटाला ६०० फेरे फिरते, १४०० ते १६०० या पट्ट्यात सर्वांत जास्त ओढते आणि २४०० च्या पुढे त्याला नेऊ नये. म्हणजे आठ हजारांच्या डायलवर या इंजिनाचे सगळे आयुष्य पहिल्या तीन आकड्यांच्या आत संपते आणि उरलेली दोन-तृतीयांशापेक्षा जास्त डायल शोभेची ठरते. असे मीटर जड, संथ फिरणाऱ्या इंजिनाच्या मापाचे करून देणारे एक छोटे दुकान नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारालगतच्या एका गल्लीत आहे. तिथे करून घेतलेल्या कामाचा हा अनुभव आहे. ज्यांच्याकडे यांत्रिक डिझेल पंपाची जुनी ट्रक, टिपर किंवा टँकर आहे, त्यांना तो उपयोगी पडावा.

डायलचे माप का महत्त्वाचे, हे आधी सांगायला हवे. मीटरचा काटा शून्यापासून टोकापर्यंत २७० अंश फिरतो असे धरले, तर आठ हजारांच्या डायलवर १४०० आणि १६०० यांच्यात जेमतेम पावणेसात अंशांचे अंतर पडते. खडीने भरलेली गाडी दिवे घाटात चढवताना, रस्त्यावरची नजर क्षणभर काढून डॅशबोर्डकडे पाहणाऱ्या ड्रायव्हरला एवढा फरक दिसत नाही. हीच डायल तीन हजारांची केली, तर तेच अंतर १८ अंशांचे होते, आणि गिअर कधी उतरवायचा हे काटा स्वतः सांगू लागतो. अनुभवी ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून हे ओळखतात, हे खरे आहे आणि त्यांच्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. तथापि केबिनमध्ये पंखा, खिडकीतला वारा आणि मागे आदळणारा फाळका यांचा आवाज असताना, आणि विशेषतः ड्रायव्हर नवा असताना, केवळ कानावर विसंबणे मला पटत नाही.

उतारावर तर हा प्रश्न डिझेलच्या बचतीपुरता राहत नाही. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याने झालेले अपघात पुणेकरांना वेगळे सांगायला नकोत. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर रोखत उतरणे हाच योग्य मार्ग आहे. मात्र त्या वेळी इंजिनाला डिझेल नव्हे, तर चाके फिरवत असतात. डिझेल पंपातला, वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, चाकांना अडवू शकत नाही. चुकून एक गिअर जास्त खाली पडला, तर इंजिन मर्यादेच्या वर फिरते आणि व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत वेळ येते. म्हणून वरच्या टोकाला २२०० आणि २६०० यांतला फरक एका दृष्टिक्षेपात कळला पाहिजे, एवढीच माझी मागणी होती.

दुकान लहान आहे. समोर काउंटर, मागे प्रकाशाचा दिवा लावलेले टेबल आणि भिंतीवर उघडी पडलेली स्पीडोमीटरची यंत्रे असा त्याचा थाट आहे. मालक काका साठीच्या पुढचे आहेत आणि हाताखाली एक तरुण काम शिकतो. मी मीटर पुढे ठेवले, तेव्हा त्यांनी त्याला हातही लावला नाही. "शेठ, मीटर नंतर बघू. इंजिन कोणतं, सिग्नल कुठून घेणार आणि पुल्या केवढ्या, ते आधी सांगा," असे ते म्हणाले. पुल्यांची मापे मला ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी शिकाऊ मुलाला माझ्याबरोबर गाडीपर्यंत पाठवले. या एका प्रश्नावरून मला दुकानाची पारख झाली, कारण या कामातली खरी मेख तिथेच आहे.

पेट्रोल इंजिनात मीटरला सिग्नल इग्निशन कॉइलकडून मिळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्यामुळे ती सोय नाही. त्यामुळे जुन्या ट्रकमध्ये सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेणे. हे टर्मिनल अल्टरनेटरच्या एका फेजला, डायोडच्या आधी, म्हणजे एसीचे डीसी होण्यापूर्वी, जोडलेले असते आणि तिथे रोटरच्या वेगाच्या प्रमाणात बदलणारा एसी सिग्नल मिळतो. बारा चुंबकीय पोलच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला सहा आवर्तने होतात. हा रोटर इंजिनाच्या क्रँक पुलीवरून बेल्टने फिरतो. माझ्या गाडीत क्रँक पुली १८० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची पुली ७५ मिलिमीटर निघाली, म्हणजे गुणोत्तर २.४. याचा अर्थ इंजिनाच्या एका फेऱ्याला १४.४ आवर्तने.

आता इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. इंजिन संथ आहे, म्हणजे काटा जास्त हलावा म्हणून मीटर अधिक संवेदनशील करावे लागेल, असे वाटते. प्रत्यक्षात स्लोवर, ६०० फेऱ्यांना, डब्ल्यू टर्मिनलवर सेकंदाला १४४ आवर्तने येतात आणि चार सिलिंडरचे पेट्रोल मीटर ती जशीच्या तशी मोजून ४३२० दाखवते. इंजिन ११०० च्या थोडे वर गेले, की काटा आठ हजारांच्या टोकाला जाऊन टेकतो. म्हणजे मीटर तापट नव्हे, थंड करावे लागते. काकांनी हा हिशेब एका जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने माझ्यासमोर मांडला. तीन हजार फेऱ्यांना ७२० आवर्तने आणि मूळ मीटरच्या पूर्ण डायलला सुमारे २६७. म्हणून आतला वेळ ठरवणारा कपॅसिटर मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर आणायचा. अशा मीटरमधली फ्रिक्वेन्सीचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी चिप दर आवर्तनाला ठराविक लांबीचा एक ठोका तयार करते, आणि त्या ठोक्यांच्या सरासरीवर काटा चढतो. ठोक्याची लांबी कपॅसिटर आणि त्याच्याबरोबरचा रेझिस्टर ठरवतात. ती कमी केली नाही, तर वरच्या वेगात एक ठोका संपण्याआधी दुसरा येतो आणि काटा खोटे बोलू लागतो. बाजारातल्या जवळच्या मापाचा कपॅसिटर घालून उरलेली तफावत प्रीसेटने, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने, काढली जाते.

दुसरे काम व्होल्टेजचे होते. गाडी २४ व्होल्टची, चार्जिंगच्या वेळी २८ पर्यंत जाणारी, आणि मीटर १२ व्होल्टचे. पुष्कळ ठिकाणी एक जाड रेझिस्टर मधे घालून हात झटकतात. इथे रेग्युलेटर बसवला, त्याला उष्णता सोडण्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी लावली, बॅटरीची वायर सैल झाल्यावर अल्टरनेटरकडून येणाऱ्या झटक्यासाठी जादा व्होल्टेज अडवणारा झेनर डायोड दिला आणि सिग्नलच्या वाटेवर वेगळा रेझिस्टर ठेवला. हे सगळे मीटरच्या डब्यात न कोंबता मागे छोट्या पेटीत घातले आहे, त्यामुळे पुढे काही जळाले तर डायल पुन्हा उघडावी लागणार नाही. हा विचार मला फार आवडला.

काटा काढण्याचे काम मी उभा राहून पाहिले. मीटरची पुढची धातूची कडी दाबून बसवलेली असते. ती बोथट पात्याने कणाकणाने उलगडत नेली. मग काटा शून्यावर कुठे टेकतो याची बारीक खूण जुन्या डायलवर केली, काट्याच्या बुंध्याखाली दोन्ही बाजूंनी पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एकाच दाबाने वर उचलल्या. एका बाजूने जोर पडला तर केसाएवढी तार वाकते आणि मीटर कायमचे बिघडते. त्या क्षणी काका बोलायचे थांबले होते आणि शिकाऊ मुलगाही श्वास रोखून पाहत होता.

नवी डायल त्यांनी जुनी स्कॅन करून, आकडे बदलून, दुधी पातळ शीटवर छापून घेतली. शून्य ते ३० असे आकडे, खाली शंभराने गुणण्याची सूचना, दर शंभर फेऱ्यांना एक रेघ, १२०० ते १७०० हिरवा पट्टा आणि वरचा लाल पट्टा. लाल पट्टा मी २६०० पासून मागितला होता. काकांनी तो २४०० पासून दिला आणि त्याचे कारणही सांगितले. डब्ल्यू टर्मिनलचा सिग्नल अल्टरनेटरच्या बेल्टवर अवलंबून असतो. बेल्ट घसरला, तर अल्टरनेटर मंद फिरतो आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूची होते. म्हणून लाल पट्टा आधीच सुरू व्हावा. माझ्या मते हा सल्लाच दिलेल्या पैशांच्या तोडीचा होता.

तपासणी दोनदा झाली. आधी टेबलावर फंक्शन जनरेटरने, म्हणजे हवा तो सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राने, सेकंदाला १४४, ३६०, ५७६ अशी आवर्तने देऊन काटा ६००, १५०० आणि २४०० वर बसवला. मग मीटर गाडीत लावल्यावर क्रँक पुलीवर चकाकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून लेझर टॅकोमीटरने खरे फेरे मोजले. स्लोवर आणि १५०० वर दोन्ही आकडे जुळले. २४०० च्या जवळ काटा किंचित कमी दाखवत होता, पण फरक पन्नासाच्या आतला होता. या कामाला एवढी अचूकता पुरेशी आहे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या दातांवर सेन्सर लावला तर बेल्टची भानगड राहत नाही, हे त्यांनीच सांगितले. मात्र त्यासाठी हाउसिंगला भोक पाडावे लागते, आणि माझ्या वापराला तो खटाटोप मला योग्य वाटला नाही.

आता उणिवा. कडी पुन्हा दाबताना तिच्यावर तीन-चार ठिकाणी दबल्याच्या खुणा राहिल्या आहेत. काच आणि रबर नीट बसले आहेत, पावसात आत वाफ धरली नाही, तरी नव्या मीटरची सफाई आता त्यात नाही. रात्री मागच्या दिव्यात पांढरा भाग छान उजळतो, पण हिरवा पट्टा काळपट दिसतो. छपाईची शाई दाट झाली असावी. ड्रायव्हरला रात्री तोच पट्टा सर्वाधिक लागतो, म्हणून ही त्रुटी किरकोळ म्हणता येणार नाही. काम सांगितलेल्या दिवशी मिळाले नाही आणि त्याची पूर्वसूचनाही आली नाही. ज्याची गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो, त्याला एक फोन यायला हवा होता. सुदैवाने मीटर गाडीपासून वेगळे होते, म्हणून खेपा चुकल्या नाहीत. पेटी आणि डायलसह एकूण खर्च अडीच हजारांच्या आत आला. या कारागिरीला तो रास्तच आहे.

गाडी सुरू केल्यावर काही क्षण काटा शून्यावरच राहतो, याची ड्रायव्हरला आधी कल्पना द्यावी. चार्जिंगचा दिवा विझेपर्यंत अल्टरनेटर पुरेसा सिग्नल देत नाही. थोडी रेस दिली की काटा उठतो. आमच्या ड्रायव्हरने पहिल्याच सकाळी मीटर बंद पडल्याचा फोन केला होता. तोच आता घाटात तिसरा गिअर कधी टाकायचा हे हिरव्या पट्ट्यावरून ठरवतो आणि इंजिन घुसमटेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ओढत नाही.

एक प्रसंग नोंदवलाच पाहिजे. मी बसलो असताना एक गिऱ्हाईक विकायला काढलेल्या मोटारीचे किलोमीटर मागे घेऊन मागत होते. काकांनी आवाज न चढवता, हे काम आमच्याकडे होत नाही, असे सांगून मीटर परत केले. मीटर उघडण्याची कला हातात असलेल्या माणसाने अशा कामाला नकार द्यावा, हे मला या दुकानाविषयीचे सर्वांत महत्त्वाचे प्रशस्तिपत्र वाटते.

ज्यांच्या गाड्या बीएस-६ मानकाच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या आहेत, त्यांना या कामाची गरज नाही. त्यांत फेऱ्यांचा आकडा इंजिनाच्या संगणकाकडूनच डॅशबोर्डवर येतो. जुन्या गाडीवाल्यांनी जाताना दोन्ही पुल्यांचे व्यास मोजून न्यावेत, अल्टरनेटरवरची पाटी आणि मागची टर्मिनले यांचा फोटो काढून न्यावा, आणि डब्ल्यू टर्मिनल नसेल तर ते आतून काढून देणारा वायरमन आधी गाठावा. अल्टरनेटर किंवा त्याची पुली पुढे कधी बदलली, तर मीटर पुन्हा जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी कपॅसिटरचे माप आणि पुल्यांचे गुणोत्तर पेटीच्या झाकणावर लिहून मागावे. मला ते मागावे लागले. दुकानाने ते न मागता प्रत्येकाला लिहून द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.