नाव गाळायचं कोणी: डेस्कने की सरकारने?

पणजीतल्या एका बातम्यांच्या डेस्कवरचा पेच: अंदाधुंद गोळीबार करणाऱ्याला प्रसिद्धी मिळू नये म्हणून त्याचं नाव, फोटो आपणच गाळायचे, की ते सरकारी नियमावर सोडायचं?

आधी वेग. वृत्तसंस्थेची बातमी आली की मथळ्यातलं नाव काढून चौथ्या परिच्छेदात एकदाच ठेवायचं, पुढे नुसतं ‘हल्लेखोर’. दोन मिनिटांचं काम. चुकतं ते फोटोत: बातमीतून उडवला तरी वेबसाइटच्या थंबनेलमध्ये (बातमीच्या दुव्याशेजारच्या छोट्या चित्रात) तसाच राहतो. सरकार मागाहून येतं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला १५ मार्च २०१९ चा, हल्लेखोराने फेसबुकवर थेट दाखवलेल्या व्हिडिओवर बंदी १८ मार्चला. पहिल्या २४ तासांतच फेसबुकने १५ लाख प्रती काढल्या होत्या.

धाक म्हणाल तर कायदाच सरस. न्यूझीलंडमध्ये असा व्हिडिओ पसरवला तर १४ वर्षांपर्यंत कैद. आपली प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी संस्था, फार तर ताशेरे ओढते, आणि टीव्ही तिच्या कक्षेतच नाही.

आवाका? अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीपुढे नावावरची बंदी टिकणं कठीण. आपला २०१५ चा केबल टीव्हीसाठीचा नियम दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण रोखतो; नावाबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा नाव-फोटोसाठी डेस्कचा नियम, चालू कारवाई आणि हल्ल्याच्या व्हिडिओसाठी कायदा. हल्लेखोर फरार असेल तर मात्र फोटो छापाच. पकडला की उतरवा, थंबनेलसकट.