पाचपाखाडीतली छोटी जिम: हिशोब चोख, एक ट्रेडमिल जास्त

ठाण्यात नितीन कंपनीच्या सिग्नलवरून आत वळलं की जुन्या चारमजली सोसायटीच्या तळमजल्यावर ही जिम आहे. गाळा १,२०० चौरस फुटांचा. फी महिन्याला १,५००, तीन महिन्यांना ३,९००, वर्षाला १०,८००. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत येणाऱ्यांना महिन्याला ९००. नाव देत नाही, कारण पुढे मालकाच्या खिशातला बराच हिशोब येणार आहे. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमध्ये सोसायटीचीच जिम असते आणि स्टेशनच्या बाजूला साखळी जिमचे मोठाले बोर्ड आहेत. मध्ये अडकलेली एकट्या मालकाची जिम कशावर टिकते, हे इथे नीट बघायला मिळतं. थोडक्यात उत्तर असं की ती नव्या मेंबरवर टिकत नाही, रिन्यूअलवर टिकते. आणि रिन्यूअल दोन गोष्टींवर ठरतं: मशीन चालू आहे का, आणि संध्याकाळी रॅक, म्हणजे वजनाचा बार ठेवायचा लोखंडी सांगाडा, मोकळा मिळतो का.

आधी जमीन. तळमजला घेतला हा इथला सगळ्यात शहाणा निर्णय. राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरून बांधतात. दीडशे किलोचा रॅक, त्यावर टांगलेल्या दोनशे किलो प्लेट आणि खाली स्क्वॉट मारणारा माणूस एवढं सगळं दीड-दोन चौरस मीटरमध्ये उभं राहतं. पहिल्या मजल्यावर स्वस्त गाळा मिळतो म्हणून जिम टाकणारे हा हिशोब करत नाहीत. मग सहा महिन्यांत खालच्या दुकानदाराच्या छताला तडे दिसतात आणि भांडण सुरू होतं. तळमजल्यावर भाराची चिंता नाही, पण आवाजाची आहेच: जमिनीवर आपटलेल्या बारचा धक्का कॉलममधून वर चढतो. इथे डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून बार उचलण्याच्या व्यायामाचा चौथरा कॉलमपासून लांब, खोलीच्या मध्याकडे घेतला आहे. आठ बाय आठ फूट, १८ मिमी प्लायचे दोन थर, खालचा आडवा आणि वरचा उभा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. प्लेट जिथे टेकतात त्या दोन्ही पट्ट्यांवर २० मिमी रबर. रात्री ९ नंतर बार सोडायचा नाही, हा नियम भिंतीवर आहे आणि ट्रेनर तो खरंच पाळायला लावतात.

बाकी जमिनीवर १५ मिमीच्या रबरी टाइल आहेत आणि त्या चिकटवलेल्या नाहीत, एकमेकांत अडकवल्या आहेत. ठाण्यात हे महत्त्वाचं. जुन्या इमारतीच्या तळमजल्याला पावसाळ्यात ओल येते. चिकटवलेल्या टाइलखाली ती कोंडते, डिंक सुटतो, बुरशीचा वास येतो आणि तो वास कुठून येतो हे महिनाभर कळत नाही. सुट्या टाइल उचलून पुसून वाळवता येतात. नव्या टाइलना टायरचा वास येतो, त्याला इलाज एकच: बसवण्याआधी आठवडाभर उघड्यावर पसरून ठेवणं.

रॅक वागळे इस्टेटमधून बनवून घेतले आहेत. कंपनीच्या रॅकपेक्षा बरेच स्वस्त पडतात, पण बनवून घेताना चौकशी नीट करायला हवी. इथला पाइप ७५ बाय ७५ मिमी, ३ मिमी जाडीचा आहे. ५० बाय ५० चा २ मिमी पाइप फोटोत तसाच दिसतो, पण बार परत ठेवताना डोलतो. पावडर कोटिंगआधी गंज आणि तेल नीट काढलं नसेल तर रंगाची सालं निघतात. इथे दोन ठिकाणी निघाली आहेत, जिथे बारचे हुक घासतात तिथे. चालायचंच. हुकाच्या वेल्डिंगवर मात्र महिन्याला एकदा हात फिरवायला हवा, केसाएवढी चीर दिसली तरी तो हुक बाहेर.

बारच्या बाबतीत मालकांनी कंजूषी केली नाही. चार ऑलिंपिक बार आहेत: २० किलो, पकडीला २८ मिमी, प्लेट चढवायच्या टोकाला ५० मिमी. टोकाला नट-बोल्ट असलेला स्वस्त बार इथे एकही नाही. तो बोल्ट वापरात सैल होतो आणि एक दिवस अख्खी स्लीव्ह, म्हणजे प्लेट चढवायची नळी, प्लेटसकट निसटते. पकडीच्या खाचांत घाम आणि खडू साचून गंज धरतो; आठवड्याला नायलॉनचा ब्रश आणि मशीन ऑइलचा पातळ हात, जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा. ऐरोली-वाशीच्या खाडीकडच्या जिमना हे बाराही महिने करावं लागतं. प्लेटबद्दल एक तक्रार: बिडाच्या जुन्या प्लेटपैकी काही २० किलोच्या प्लेट एकसारख्या वजनाच्या नाहीत. अर्धा-पाऊण किलोचा फरक हाताला लगेच कळतो. भंगारवाल्याच्या काट्यावर सगळ्या एकदा तोलून, सारख्या वजनाच्या जोड्या लावून खडूने खूण केली तरी काम भागतं. एका दुपारचं काम आहे, ते झालेलं नाही.

आता केबल मशीन. या आकाराच्या जिममध्ये सगळ्यात जास्त वापर याचाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होतं. केबल म्हणजे नायलॉनच्या वेष्टणातली पोलादी तार. ती मधे तुटत नाही. टोकाला, जिथे दाबून बसवलेली कडी असते तिथे, किंवा पुलीवर सतत वळते त्या एका फुटात जाते. आधी वेष्टणाला आडव्या भेगा पडतात, मग आतली एखादी तार बाहेर डोकावते. भेग दिसली की केबल बदलायची, तार दिसेपर्यंत थांबायचं नाही. सुटलेली केबल ओढणाऱ्याच्या तोंडावर येते आणि वजनाची चळत खाली आपटते ती वेगळीच. इथे दर सोमवारी सकाळी ट्रेनर केबल बोटांत धरून पूर्ण लांबी तपासतो आणि वहीत सही करतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक मापाची एक केबल कड्यांसकट तयार करून कपाटात टांगलेली आहे. त्यामुळे मशीन अर्ध्या तासात परत चालू. ‘बंद आहे’ हा कागद आठ दिवस लटकलेली जिम आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या कागदामुळे किती रिन्यूअल जातात ते वहीत दिसत नाही, म्हणून मालकांना ती केबल महाग वाटते. चळतीच्या उभ्या दांड्यांना इथे सिलिकॉन स्प्रे मारतात, ग्रीस लावत नाहीत. ग्रीसवर धूळ आणि टॉवेलचा दोरा बसून दांडी घासायला लागते.

ट्रेडमिलपाशी मात्र गडबड आहे. तीन आहेत, त्यातल्या दोन चांगल्या एसी मोटरच्या. तिसरी घरगुती डीसी मोटरची, ‘४ एचपी’ लिहिलेली. तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. विचारायची ती सलग चालणारी ताकद, आणि दिवसभर वेगवेगळ्या वजनाची माणसं पळणार असतील तर ती ३ एचपीच्या खाली नको. बिघाडाचा क्रमही ठरलेला असतो. बेल्टखालचं सिलिकॉन तेल सुकतं, घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, कंट्रोलर तापतो, आणि मोटरच्या झाकणाखाली धूळ साचलेली असेल तर कंट्रोलरचा बोर्ड जळतो. बोर्डाचं बिल आलं की सगळे व्होल्टेजला दोष देतात. उपाय फुटकळ आहेत: महिन्याला झाकण उघडून ब्लोअर, वापरानुसार बेल्टखाली तेल, बेल्ट एका बाजूला सरकला तर मागचा बोल्ट एका वेळी पाव फेरा फिरवून दोन मिनिटं रिकामा चालवून बघणं. जोरात ताणलेला बेल्टही मोटरच मारतो. प्रत्येक ट्रेडमिलला वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. इथे ते आहे.

पण तिसरी ट्रेडमिल महिन्यातले निम्मे दिवस बंद असते आणि तिच्या जागेचं भाडं चालू असतं. दोन मीटर लांब यंत्र, मागे कोणी पडला तर भिंतीवर आपटू नये म्हणून आणखी दोन मीटर मोकळे. एकूण जवळजवळ ४० चौरस फूट. चौरस फुटाला ७० रुपये भाडं धरा, महिन्याला २,८०० रुपये झाले. दोन मेंबरची फी त्या कोपऱ्यात जाते. तिथे विजेशिवाय चालणारी एअर बाइक ठेवली तर निम्म्या जागेत भागेल.

ही ट्रेडमिल आली कुठून, तर जानेवारीतून. वर्षाच्या फीची ऑफर लावली की जानेवारीत पैसा धो-धो येतो. साठ जणांनी १०,८०० भरले तर ६ लाख ४८ हजार. त्यातले जानेवारीचे फक्त ५४ हजार, उरलेले पुढच्या अकरा महिन्यांच्या सेवेचं कर्ज. ते यंत्रात घातले की मे महिन्याच्या सुट्ट्या, पाऊस, गणपती आणि दिवाळी या मंदीच्या दिवसांत ट्रेनरचा पगार उधारीवर येतो. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून दर महिन्याला बारावा हिस्सा काढणं एवढंच करायचं असतं. कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही.

या आकाराच्या जिमचा महिन्याचा खर्च असा मांडता येतो: भाडं ८४ हजार, दोन ट्रेनर ४४, वीज २८, सफाई ९, दुरुस्ती ८, पाणी-इंटरनेट-किरकोळ ७. एकूण १ लाख ८० हजार. मेंबरमागे सरासरी १,००० रुपये येतात असं धरलं, तर त्यातून ५ टक्के जीएसटी वजा जाता ९५२ उरतात. म्हणजे १८९ मेंबर झाले की जिम बुडत नाही. मालकाचा पगार त्यानंतर. जीएसटीबद्दल एक गोष्ट अजून अनेकांच्या लक्षात आलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेलं. मशीन आणि भाड्यावर भरलेला कर आता परत मिळत नाही, तो सरळ खर्चात धरायचा. जुन्या कोष्टकावर नवं यंत्र घेणाऱ्याचा हिशोब तिथेच चुकतो.

मेंबर वाढवावेत तर गर्दी आडवी येते. २१० मेंबरपैकी रोज १२० आले, त्यातले ७० संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत, प्रत्येकी सव्वा तास थांबले, तर एका वेळी २९ जण आत. टेबल, कपडे बदलायची जागा आणि बाथरूम सोडून ९०० चौरस फूट उरतात. माणशी ४० धरले तर सोयीचे २२. ठाणे स्टेशनवर लोक एकाच वेळी उतरतात, त्याला जिम काय करणार? म्हणून ९०० रुपयांची दुपारची फी ही इथली सगळ्यात हुशार वस्तू आहे. निवृत्त काका, घरून काम करणारे, शिफ्टवाले, मुलांना शाळेत सोडून आलेल्या काकू रिकामी जमीन भरतात आणि संध्याकाळच्या रॅकला हात लावत नाहीत.

पर्सनल ट्रेनिंगमध्ये ट्रेनरला ६० टक्के, जिमला ४०. प्रत्येकाचा व्यायाम जिमच्या वहीत लिहिला जातो, ट्रेनरच्या मोबाइलमध्ये नाही. ट्रेनर सोडून गेला तर दुसरा त्याच पानावरून पुढे नेतो, नाहीतर ट्रेनरबरोबर पाच-सात मेंबरही जातात.

बाकीचं पटकन. बोटाचं बायोमेट्रिक घामेजलेल्या आणि घट्टे पडलेल्या हातांना ओळखत नाही, दाराशी रांग लागते. चेहरा ओळखणारं घ्यावं. बाथरूम स्वच्छ. काउंटरवर प्रोटीनचे डबे विकतात पण एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थ विकण्याच्या परवान्याचा नंबर कुठे लावलेला दिसला नाही, तो लावा. एसी सकाळी आठपर्यंत बंद, एक्झॉस्ट चालू. वीजबिल बघता योग्य, मे महिन्यात मात्र असह्य.

घ्यायची तर तीन महिन्यांची फी घ्या, जानेवारीतली वर्षाची ऑफर नको. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी आठला एकदा चक्कर मारून रॅकपाशी किती जण थांबलेत ते मोजा. पळण्यासाठीच येणार असाल तर तलावपाळीला फेऱ्या मारा, फुकट आहे. वजन उचलायचं असेल तर या भागात या पैशात ही जागा घ्यावी.