बेअरिंग तापवायचा इंडक्शन हीटर, दिवाळीपासून वापरतोय

दिवाळीच्या आधी घेतला होता, आता पाऊस तोंडावर आलाय म्हणून लिहून टाकतो, कारण घेताना मी बी लय शोधलं पण कोण्या गॅरेजवाल्यानं लिहिलेलं काही सापडलं नाही. आमचं गॅरेज यवतमाळकडच्या खेड्यात, काम जास्त पिकअप अन् जुन्या जीपांचं.

पैसे वसूल झाले ते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये, म्हणजे सेल्फ (स्टार्टर) जिच्या दातांत अडकून इंजिन फिरवते ती दातेरी रिंग, तापवून फुगवायची अन् फ्लायव्हीलवर चढवायची. आधी रिंग विटांवर ठेवून गॅसची टॉर्च फिरवायचो, त्यात ज्वाला एका जागी जरा थांबली का तिथं निळा डाग, म्हणजे लोखंड तीनशे डिग्रीच्या आसपास गेलं अन् त्या दातांचं पाणी उतरलं, म्हणजे दात मऊ पडले, मग सेल्फ नेमके तेच दात खाते. ह्या हीटरात करंट रिंगमधूनच गोल फिरतो, त्यामुळं ती चहूकडून सारखी तापते. मी २०० वर काढतो. पोलाद दर डिग्रीला मीटरमागं साधारण १२ मायक्रॉन वाढते, म्हणजे २८० मिमीची रिंग आपल्या उन्हाळ्यातल्या ४० वरून २०० वर नेली त अर्धा मिमीच्या वर मोकळी होते. टप्पकन बसते, हातोडा लागतच नाही. फक्त दातांची उतरती बाजू कोणीकडं येणार ते आधीच खडूनं लिहून ठेवा भाऊ, गरम रिंग फ्लायव्हीलला टेकली का लगेच आवळते, मग हालत नाही.

बेअरिंगला ११० ची सीमा, अन् सीलबंद ग्रीसवालं असलं त ८० च्या वर नाही. क्रँकच्या टायमिंग गियरला मात्र जपून. ४० मिमीचं भोक ११० पर्यंत तापवलं तरी मोकळीक मिळते ०.०३ मिमी, क्रँकवर बारीकशी बर (धातूची उभी राहिलेली कड) राहिली तरी गियर अर्ध्यात अडकतो. अन् बसला म्हणून सोडून द्यायचा नाही, थंड होताना तो रुंदीतही आकसतो अन् क्रँकच्या ज्या खांद्याला टेकायला पाहिजे त्यापासून फट पडते, पाइप लावून पकड येईपर्यंत दाबून धरायचा. काम झालं का तापवताना आलेला चुंबकपणा मशीन स्वतःच काढून टाकते, नाही त लोखंडाचा सारा चुरा बेअरिंगला चिकटला असता.

तक्रारी हायेत. ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या का व्होल्टेज पडते, मग तापायला दुप्पट टाइम, गिऱ्हाईक बसते तोंड पाहत. तापमानाच्या सेन्सरची वायर फारच नाजूक, गरम रिंगला लागून जळली, अन् विकणाऱ्यानं पैसे घेतल्यावर फोन उचलणंच सोडलं, शेवटी वायर दुसरीकडून आणली. छातीत पेसमेकर असलेला माणूस चालू मशीनजवळ येऊ देऊ नका, गावात आता असे बरेच जण हायेत.

पिस्टनला ह्याचा उपयोग नाही. त्याची पिन बसवायला आमचे पोट्टे अजून पातेल्यात पाणीच उकळतात, अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, तेवढ्यात पिन अंगठ्यानं आत जाते.