बाटलीचा छोटा ब्लेंडर: संक्रांतीपासून नवरात्रापर्यंतचा अनुभव

400 वॅटची मोटर, पाती बसवलेलं झाकण आणि उलटी करून फिरवायची बाटली, एवढाच हा ब्लेंडर. संक्रांतीच्या सुमारास घेतला, आता नवरात्र तोंडावर आलं आहे, आणि मधल्या काळात तो ओट्यावरून कपाटात गेलेला नाही. ओळखीतल्या बऱ्याच जणी 'घेऊ का?' म्हणून विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. घरात स्मूदी पिणारे एक-दोघंच असतील आणि फळं चिरून गोठवून ठेवायची तयारी असेल, तर जरूर घ्या. पाच-सहा पेले एकदम लागत असतील, तर घरातला 750 वॅटचा मिक्सर आणि त्याचं मोठं भांडं पुरेसं आहे, नवीन काही घेऊ नका.

गोठवण्यावर एवढा भर देण्याचं कारण आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा 42 च्या वर चढतो. बाहेर ठेवलेलं फळ आणि वरून बर्फ अशी स्मूदी केली, तर ती पेल्यात ओतेपर्यंत पाणचट होते. शिवाय एवढ्याशा मोटरला बर्फाचे अख्खे खडे झेपत नाहीत, अर्धवट फुटलेले तुकडे दातांखाली येतात. फळच गोठलेलं असलं की बर्फ लागत नाही आणि चव पातळ होत नाही. फोडी करंगळीच्या पेराएवढ्या करायच्या, ताटात सुट्या मांडून फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि कडक झाल्या की पिशवीत भरायच्या. थेट पिशवीत कोंबल्या तर त्यांचा एकच गोळा होतो, आणि तो सोडवायला बत्ता घ्यावा लागतो. वापरताना पाच मिनिटं आधी बाहेर काढल्या की पात्यांवर ताण येत नाही.

फळांच्या बाबतीत आपण बडोदेकर खरंच सुखी आहोत. केळी भरूच-आणंदकडची, चिकू नवसारीकडचे, आणि उन्हाळ्यात गीरचा केसर. स्मूदीसाठी मला केसरसारखा आंबा दुसरा वाटत नाही. गर घट्ट, रेषा कमी, गाळायची गरज नाही, आणि रंग तर असा की 1934 मध्ये जुनागढच्या नवाबांनी तो पाहूनच नाव दिलं असं सांगतात. मे-जूनमध्ये खंडेराव मार्केटमधून पेटी आणली की निम्मे आंबे खायला आणि निम्मे फोडी करून फ्रीजरला, अशी वाटणी मी आता ठरवूनच टाकली आहे. श्रावणात त्याच फोडी, घट्ट दही आणि चिमूटभर वेलची असं फिरवलं तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं, नुसते पेले रिकामे होत होते.

रोजची स्मूदी मात्र साधी आहे. एक चांगलं पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं. वाटीभर गोठवलेली पपई. अर्धी वाटी गोठवलेला अननस. साधारण 150 मिलिलिटर शहाळ्याचं पाणी. आणि अर्ध्या लिंबाचा रस. साखर नाही, मध नाही. केळं गोडी आणि दाटपणा दोन्ही देतं, म्हणून ते कधीही वगळू नका. पपईला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे लिंबाशिवाय ती मिळमिळीत लागते. चिमूटभर सैंधव घातलं तर अननसाची चव एकदम वर येते. लिंबाचा आणखी एक उपयोग म्हणजे केळं लवकर काळं पडत नाही.

या मिश्रणात दूध घालू नका. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. लगेच प्यायलात तर कदाचित कळणार नाही, पण अर्ध्या तासात पेला कडू होतो. फळ गोठवून हे विकर मरत नाही, उष्णता लागते. म्हणून डब्यातला किंवा पाकात शिजवलेला अननस दही-दुधात चालतो, ताजा किंवा फ्रीजरमधला चालत नाही. दूध हवंच असेल तर चिकू-केळं घ्या. आमच्या सासूबाईंना दातांमुळे फळं चावत नाहीत. पहिल्यांदा त्यांनी 'फळात दूध घालू नये गं' म्हणून पेला बाजूला सारला. मी म्हटलं, 'आई, शिकरण तर तुम्हीच शिकवलंत मला.' आता सकाळी चिकूचा पेला त्या स्वतःहून मागतात. चिकू मात्र पूर्ण मऊ झालेलाच हवा. किंचित कच्चा असला तरी त्यातलं टॅनिन जिभेला आवळून धरतं आणि सगळी बाटली वाया जाते.

आता यंत्राविषयी. भरायचा क्रम मिक्सरच्या उलट आहे. मिक्सरच्या भांड्यात पातळ पदार्थ आधी आणि कडक फोडी वर. इथे बाटली उलटी होते, म्हणून फोडी आधी आणि पातळ शेवटी, म्हणजे ते पात्यांपाशी येतं. खुणेच्या वर भरू नका. वीस-तीस सेकंद फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. सलग मिनिटभराच्या पुढे गेलं की मोटर तापते आणि तसा वास येऊ लागतो. कधी कधी पात्यांभोवती हवेची पोकळी होते, मोटर सुसाट फिरते पण फळ जागचं हलत नाही. तेव्हा बाटली काढून जोरात हलवायची आणि चमचाभर पाणी घालायचं. गरम सूप किंवा सोडा यात चुकूनही घालू नका, बंद बाटलीत दाब वाढतो. आवाज मोठा आहे. पहाटे कुणी झोपलेलं असेल तर दार लावून घ्या.

सफाई हा या ब्लेंडरचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट भाग. पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून फिरवलं की बाटली स्वच्छ. पण झाकणातली रबरी रिंग फसवी आहे. वरून धुतली तरी तिच्या खाचेत आंब्याचा गर बसतो, पावसाळ्यात त्याला आंबूस वास येतो आणि पुढे काळी कड धरते. दर दोन-तीन दिवसांनी चमच्याच्या दांड्याने रिंग बाहेर काढून, गरम पाण्यात धुऊन, कोरडी करूनच परत बसवा. पात्यांच्या बुडाशी रेषा गुंडाळल्या जातात, त्या जुन्या टूथब्रशने काढा. आणि यात चटणी वाटू नका. आले-लसणाचा वास रबरात मुरला की जात नाही, मग स्मूदीलाही तो येतो.

पावसाळा संपता संपता आमची रिंग सैल पडली आणि बाटलीच्या तोंडातून थेंब गळू लागले. मोटर, पाती, बाटल्या अजून उत्तम आहेत, पण एवढ्याशा रिंगेसाठी बरंच फिरावं लागलं. दुकानदार नवीन मॉडेल दाखवत राहिला, सुटी रिंग त्याच्याकडे नव्हती. शेवटी मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने जुळती रिंग शोधून दिली. तेव्हापासून माझी लेक गरब्याच्या सरावाला निघताना पुन्हा बाटली भरून नेते. मापाचं दुसरं झाकण बरोबर येतं, त्यामुळे पेल्यात ओतायची गरजच नाही.

म्हणून विकत घेताना वॅट आणि बाटल्यांची संख्या पाहण्याआधी दोन गोष्टी विचारा: रिंग वेगळी मिळते का, आणि पात्यांचं झाकण वेगळं मिळतं का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर एक जादा रिंग त्याच दिवशी घेऊन ठेवा. 'नाही' म्हणाले तर दुसरं मॉडेल बघा.